मधल्या वेळेतील उष्णता : एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील ऊर्जाबचतीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज लेखी ठरली. दुपारचे आणि रात्रीचे जेवण एकाच स्वयंपाकघरातून देणाऱ्या या उपाहारगृहात गॅस आणि वीज या दोन्हींचा वापर कमी करायचा आहे. मात्र पदार्थांची यादी, वाढण्याचा वेग आणि अन्नाची सुरक्षितता यांपैकी कशालाही धक्का लागता कामा नये. व्यवस्थापनाच्या मनात आधीपासून नव्या उपकरणांची खरेदी होती आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके बैठकीच्या टेबलावर येऊनही पडली होती. ती तूर्त बाजूला ठेवावीत, असे मी सुचवले. कोणते उपकरण किती वेळ रिकामे तापत राहते हे कळल्याखेरीज त्याच्या जागी केवढे उपकरण लागेल हेच ठरवता येत नाही. धूर ओढणारा पंखा तर सर्वांत शेवटी हाती घ्यायचा, कारण त्याच्याखाली किती उष्णता निर्माण होते यावरच त्याचे काम ठरते. हा क्रम थोड्या चर्चेनंतर मान्य झाला.

हिशेबाचे एकक म्हणून महिन्याचे बिल धरायचे नाही. गर्दीच्या महिन्यात बिल वाढते आणि मंदीच्या महिन्यात घटते. त्यातून बचतीबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी दर शंभर ताटांमागे किती किलोवॅट-तास लागले हा आकडा ठेवला जाईल आणि गॅसही त्याच एककात मोजला जाईल. एक किलो एलपीजीच्या ज्वलनातून सुमारे १२.८ किलोवॅट-तास उष्णता मिळते. हे रूपांतर एकदा करून ठेवले की शेगडी आणि विजेवरचा ओव्हन यांची तुलना एकाच कागदावर करता येते.

९ जानेवारी २०२५

मुख्य विद्युत फलकावर नोंद ठेवणारे मीटर बसवले. पंखे, शीतगृह व फ्रीझर, भांडी धुण्याचे यंत्र आणि विजेवरचे ओव्हन अशा चार गटांचा प्रवाह आता स्वतंत्रपणे नोंदला जाईल. गॅसच्या मीटरला असे यंत्र जोडण्याची सोय नसल्यामुळे त्याचा आकडा पाळीवरच्या कर्मचाऱ्याने दर अर्ध्या तासाने वहीत लिहायचा आहे. काम कंटाळवाणे आहे, पण या प्रकल्पात त्या वहीइतके उपयोगी दुसरे काही असेल असे मला वाटत नाही.

पुढचे काही आठवडे कशालाही हात लावायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांतील नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत, हेही आत्ताच लिहून ठेवतो. मोजमाप चालू आहे हे समजले की माणसे आपोआप बटणे बंद करू लागतात आणि मूळ स्थिती आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

२४ जानेवारी २०२५

मूळ स्थितीचा आलेख तयार झाला. जेवणाच्या दोन वेळांना रेष वर चढते, ते अपेक्षितच होते. लक्ष वेधून घेते ती या दोन चढांच्या मधली वेळ. दुपारची शेवटची मागणी संपल्यापासून संध्याकाळची तयारी सुरू होईपर्यंत स्वयंपाकघरातून जवळजवळ काहीच बाहेर जात नाही, तरीही गॅसची रेष थोडीशीच खाली येते आणि पंख्यांची रेष तर मुळीच हलत नाही. म्हणजे या काळात जळणारा बहुतेक गॅस अन्नाला लागतच नाही. तो फक्त उपकरणे तापलेली ठेवतो.

कोणती उपकरणे, हे पाहण्यासाठी आज त्या वेळेत स्वयंपाकघरात थांबलो. दोन्ही फ्रायर तळण्याच्या तापमानाला होते. मोठा सपाट तवा संपूर्ण तापलेला होता. दोन शेगड्यांवर रिकामी जागा तापत होती, कारण एकदा पेटवलेली शेगडी रात्रीपर्यंत विझवायची नाही असा इथला जुना परिपाठ आहे. शिवाय चार उपकरणांच्या पायलट ज्योती, म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी तेवत ठेवलेल्या लहान ज्योती, दिवसरात्र जळत असतात. एकेक ज्योत क्षुल्लक वाटते, पण ती वर्षातल्या प्रत्येक तासाला जळते आणि उपाहारगृह बंद असतानाही जळते.

तव्याचा हिशेब करून पाहिला. काळा पडलेला पोलादी पृष्ठभाग १९० अंश सेल्सियसला असेल आणि भोवतालचे तापमान ३५ अंश असेल, तर केवळ किरणोत्सर्गाने त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे २ किलोवॅट उष्णता सतत बाहेर पडते. तापलेली हवा वर निघून जाताना जी उष्णता नेते ती वेगळी. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेला तवा त्याच तापमानाला पुष्कळच कमी उष्णता बाहेर टाकतो, कारण चकचकीत पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता कमी असते. आचाऱ्यांना अशा तव्यासमोर उभे राहणे सुसह्य वाटते त्याचे कारणही तेच.

ही उष्णता एकदाच वाया जात नाही. ती निर्माण करायला गॅस लागतो, ती बाहेर ओढायला पंखा लागतो आणि पंख्याने बाहेर टाकलेल्या हवेच्या जागी जी ताजी हवा आत येते ती थंड किंवा उबदार करायला पुन्हा वीज लागते. शेजारचे शीतकपाट त्याच गरम हवेत आपली उष्णता सोडू पाहते, त्यामुळे त्याचा कॉम्प्रेसरही जास्त वेळ चालतो. म्हणून मधल्या वेळेतील रिकामे तापणे हाच या प्रकल्पाचा पहिला विषय ठरवला आहे.

२७ जानेवारी २०२५

मुख्य आचाऱ्यांशी सविस्तर बोलणे झाले. त्यांचा आक्षेप रास्त आहे : अवेळी एखादा मोठा गट आला आणि तेल थंड असले, तर पहिला घाणा तेलकट होतो आणि ताट परत येते. उपकरण बंद ठेवण्याचा धोका त्यांच्या नावावर जमा होतो आणि चालू ठेवण्याचा खर्च मात्र कोणाच्याच नावावर नसतो. ही असमानता लक्षात घेतल्याशिवाय केलेले वेळापत्रक भिंतीवरच राहील.

त्यामुळे वादाऐवजी तापमापक वापरला. प्रत्येक उपकरण गार अवस्थेतून कामाच्या तापमानाला यायला किती वेळ लागतो हे त्यांच्यासमोरच मोजले. फ्रायर पाव तासाच्या आसपास तयार झाले, म्हणजे ते जेवणाच्या वेळेच्या तासभर आधी पेटवण्याचे कारण उरले नाही. तव्याबाबत मात्र आचाऱ्यांचेच म्हणणे बरोबर ठरले. नियंत्रकाचा दिवा विझला तरी जाड पत्र्याच्या कडा अजून मागे असतात आणि संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा व्हायला त्यानंतरही बराच वेळ जावा लागतो. वेळापत्रक ठरवताना दिव्याकडे न पाहता तव्याच्या कोपऱ्यातील तापमान प्रमाण मानायचे, असे ठरले.

मधल्या वेळेसाठी तडजोड अशी : एक फ्रायर बंद आणि त्यावर झाकण, दुसरा चालू, पण कमी तापमानाला. तव्याच्या तीन भागांपैकी एकच भाग चालू. शेगड्या बंद. प्रत्येक कळीवर रंगीत टिकली लावली आहे. लाल टिकलीचे उपकरण फक्त जेवणाच्या वेळेत, पिवळे मधल्या वेळेत कमी आचेवर आणि हिरवे कायम चालू. हिरवी टिकली फक्त शीतगृह, फ्रीझर आणि गरम अन्न ठेवण्याचे कपाट यांना मिळाली. तेल कमी वेळ उच्च तापमानाला राहिल्याने ते सावकाश खराब होते, हा लाभ आचाऱ्यांना गॅसच्या बचतीपेक्षा अधिक पटला आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

३ फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस शेगड्यांचा. कित्येक बर्नरची ज्योत निळी नसून टोकाला पिवळी होती आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरलेली होती. ज्वलनाला पुरेशी हवा मिळत नसल्याची ही खूण आहे. त्यात इंधन तर वाया जातेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा धोका असतो. देखभालीच्या तंत्रज्ञांनी बर्नरची छिद्रे आणि नोझल साफ केले व हवेची झडप जुळवली. त्यानंतर ज्योत निळी आणि स्थिर झाली. ज्योत भांड्याच्या कडेबाहेर आली की तिची उष्णता थेट धुराच्या मार्गाने निघून जाते. म्हणून लहान भांडी मोठ्या बर्नरवर ठेवण्याची सवय मोडण्यासाठी प्रत्येक बर्नरला कोणत्या मापाचे भांडे चालेल हे त्याच्यापुढच्या कडेवर रंगवून घेतले.

उघड्या ज्योतीच्या शेगडीवर गॅसमधील उष्णतेचा साधारण ३० ते ४० टक्के भागच भांड्यात पोहोचतो. इंडक्शन शेगडीत हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास असते. या तुलनेवरून लगेच निष्कर्ष काढण्याचा मोह आवरायला हवा, कारण वीज कशी निर्माण झाली आणि इमारतीला किती विद्युतभार मंजूर आहे हे दोन प्रश्न त्याच्यामागे उभे असतात. तो विषय खरेदीच्या टप्प्यावर घेऊ.

झाकणांबद्दल मात्र थांबण्याचे कारण नाही. १०० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ९.३ किलोवॅट-तास उष्णता लागते. त्यानंतर उघडे भांडे खदखदत ठेवले आणि त्यातले १० लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर त्या वाफेने आणखी ६.३ किलोवॅट-तास नेलेले असतात. म्हणजे पाण्याचा केवळ दहावा भाग उडवायला सगळे पाणी तापवण्याच्या दोन तृतीयांश इतका खर्च येतो. शेगडीची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर तापवण्यासाठी सुमारे १.८ किलो एलपीजी आणि निव्वळ वाफ उडवण्यासाठी सुमारे १.२ किलो एलपीजी जळतो. पदार्थ आटवायचाच असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसता शिजवायचा असेल तर जोरदार उकळी आणि हलकी उकळी यांत पाण्याचे तापमान एकच असते, त्यामुळे आच वाढवून पदार्थ लवकर शिजत नाही. लवकर शिजवायचे असेल तर दाब वाढवावा लागतो. हवेच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि तेथे वेळ खरोखरच वाचतो.

मोठ्या भांड्यांना झाकणे होतीच. ती मात्र उंच फळीवर ठेवलेली होती आणि ती काढायला स्टूल लागत असे. आता ती शेगडीच्या शेजारच्या खाचांत उभी ठेवली आहेत.

५ फेब्रुवारी २०२५

हुडमधील, म्हणजे शेगड्यांवरच्या धूर पकडणाऱ्या छत्रातील, जुने दिवे काढून उष्णता सहन करणारे एलईडी दिवे बसवले. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

१० फेब्रुवारी २०२५

भांडी धुण्याच्या भागाकडे आतापर्यंत कोणी ऊर्जेच्या दृष्टीने पाहिलेले नव्हते, कारण तेथे आग दिसत नाही. यंत्रात भांडी घालण्याआधी खरकटे उडवण्याचा जो हातफवारा आहे त्याखाली दहा लिटरची बादली धरली. ती ५० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाणी ५० अंशांचे होते आणि येणारे पाणी २० अंशांचे. गुणाकार केला तर फवारा चालू असेपर्यंत त्यातून सुमारे २५ किलोवॅट उष्णता मोरीत वाहून जाते. स्वयंपाकघरातील दुसरे कोणतेही एकटे साधन हातात धरून इतकी ऊर्जा खर्च करत नसेल.

कमी प्रवाहाचा फवारा हे नवे संशोधन नव्हे. अमेरिकेत २००६ पासून अशा फवाऱ्यांना मिनिटाला १.६ गॅलन, म्हणजे सुमारे ६ लिटर, अशी कमाल मर्यादा कायद्याने लागू झाली आणि पुढे ती आणखी खाली आणली गेली. तरीही प्रवाह निम्मा झाला म्हणून खर्च निम्मा होईल असे गृहीत धरू नये. फवाऱ्याची धार पसरट आणि दुबळी असेल, तर माणूस दुप्पट वेळ दट्ट्या दाबून धरतो आणि हिशेब जागच्या जागी राहतो. म्हणून वेगवेगळ्या तोंडांचे फवारे आणून, भांड्यांचा एक रॅक साफ करायला किती पाणी लागते हे मोजले. निवड भांडी धुणाऱ्या कर्मचाऱ्यांनी केली. सर्वांत कमी प्रवाहाचा फवारा त्यांनी नाकारला आणि त्यांचे कारण मोजमापातही दिसत होते.

पाणी तापवण्याच्या टाकीचे तापमान ५० अंशांवर आणावे अशी सूचना व्यवस्थापनाकडून आली होती. ती स्वीकारली नाही. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि २० ते ४५ अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा आहे. टाकी ६० अंशांना ठेवली, तर नळापर्यंतच्या लांब वाटेतही पाणी त्या पट्ट्याच्या वर राहते. बचत करायची ती टाकीच्या आणि नळांच्या वेष्टनातून करायची. आज टाकीपासून मोरीपर्यंतचा उघडा नळ संपूर्ण गुंडाळून घेतला.

धुण्याच्या यंत्रातली शेवटची विसळणी ८२ अंशांच्या पाण्याने होते, कारण तेथे उष्णतेनेच निर्जंतुकीकरण साधायचे असते. ते तापमानही कमी करता येणार नाही. परंतु दर फेरीला लागणारे पाणी ठरलेले असते, रॅक भरलेला असो वा अर्धा. त्यामुळे अर्धा रॅक आत ढकलायचा नाही एवढा एकच नियम पुरेसा आहे. तो पाळायचा तर भांड्यांचा साठा थोडा वाढवावा लागेल, हे व्यवस्थापनाला कळवले.

१७ फेब्रुवारी २०२५

शीतगृह, उभी शीतकपाटे आणि फ्रीझर यांची तपासणी झाली. कंडेन्सरच्या पात्यांवर तेलकट धुळीचा थर इतका दाट होता की बोटाने रेघ ओढता येत होती. कॉम्प्रेसर आतली उष्णता या पात्यांतून बाहेर टाकतो. त्या झाकल्या गेल्या की त्याला अधिक दाबाने काम करावे लागते आणि वीजही जास्त लागते. साफसफाई महिन्यातून एकदा, तारीख लिहून, देखभालीच्या यादीत घातली. फ्रायरशेजारी उभे असलेले कपाट समोरच्या भिंतीकडे हलवले.

दारांच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीने केली. दार पट्टीवर बंद करायचे आणि पट्टी ओढायची. ती अडखळत निघाली तर रबर ठीक आहे, सहज निसटली तर तेथून थंडी गळते आहे. ज्या दारांचे रबर बदलायचे आहे त्यांची यादी केली. शीतगृहाच्या दारात प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आहे, पण त्यातल्या मधल्या पट्ट्या माल नेण्याच्या सोयीसाठी कोणीतरी वर बांधून ठेवल्या होत्या. त्या सोडल्या आणि ढकलगाडीच्या रुंदीएवढ्याच नव्या, लवचीक पट्ट्या मागवल्या.

फ्रीझर उणे २४ अंशांवर लावलेला आढळला. साठवणीसाठी उणे १८ पुरेसे असते. बाष्पीभवनाचे, म्हणजे आतल्या थंड नळ्यांचे, तापमान एकेक अंशाने खाली नेले की विजेचा वापर साधारण दोन ते चार टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे हे सहा अंश स्वस्त नाहीत. फ्रीझर इतका खाली लावण्याचे कारण विचारले तेव्हा कळले की दार नीट लागत नसल्याने आतला माल मऊ पडत असे. म्हणजे गळतीवर अधिक थंडीचा उतारा केला गेला होता. आधी रबर बदलायचे, मग दोन दिवस आतल्या मालाचे तापमान पाहायचे आणि त्यानंतरच कळ फिरवायची.

गरम पदार्थ थेट शीतगृहात ठेवू नयेत, हा नियम ऊर्जेच्या दृष्टीने योग्य असला तरी तो ओट्यावर अन्न तासन्‌तास उघडे ठेवण्याची सबब होता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, थंड अन्न ५ अंशांखाली आणि गरम अन्न ६० अंशांवर ठेवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मोठ्या पातेल्यातील पदार्थ उथळ परातींत ओतून, त्या बर्फाच्या पाण्यावर ठेवून, लवकर निववायचे आणि मग आत न्यायचे, अशी पद्धत ठरवली. खोल पातेले मध्यभागी कित्येक तास गरम राहते. अन्नासाठी ते घातक असते आणि शीतगृहावर त्याचा भारही सर्वाधिक पडतो.

२४ फेब्रुवारी २०२५

आता हुड आणि पंखे. खालची उष्णता कमी झाल्यावरच इकडे वळायचे, असे पहिल्या दिवशी ठरले होते.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला ओढून उघडावे लागते आणि सोडले की ते धाडकन लागते. बाहेर फेकली जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा जास्त असल्याची ही निशाणी आहे. अशा ऋण दाबात पाणी तापवण्याच्या बॉयलरचा धूर उलटा आत येऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न ऊर्जेच्याही आधी सुरक्षिततेचा आहे. भरपाईची हवा आत सोडणाऱ्या पंख्याची जाळी काढून पाहिली तर ती जवळजवळ बुजलेली होती. ती धुतल्यावर दार हाताने सहज उघडू लागले.

हवेच्या किमतीचा हिशेब असा. ताशी १०,००० घनमीटर हवा बाहेर टाकली आणि तिच्या जागी येणारी हवा १० अंशांनी थंड किंवा गरम करावी लागली, तर त्यासाठी सुमारे ३३ किलोवॅट उष्णतेची देवघेव सतत चालू ठेवावी लागते. पंख्याची स्वतःची वीज त्यात धरलेली नाही. त्यामुळे पंखा छोटा करणे हा उद्देश नाही. कमी हवेत सगळा धूर पकडणे हा उद्देश आहे.

धूरकांडी लावून पाहिले तेव्हा पूर्ण वेगानेही हुडच्या दोन टोकांना धूर बाहेर सांडत होता आणि मधोमध मात्र पंख्याची ओढ गरजेपेक्षा जास्त होती. कारणे शोधायला वेळ लागला नाही. सर्वांत जास्त धूर करणारी जाळीची भट्टी हुडच्या अगदी टोकाला होती, उपकरणे भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली होती आणि छतातला चारही दिशांना हवा फेकणारा झरोका हुडच्या कडेला लागून होता. त्याचा झोत वर चढणाऱ्या गरम हवेला आडवा ढकलत होता.

३ मार्च २०२५

भट्टी हुडच्या मध्यभागी घेतली, उपकरणे भिंतीला टेकवली, मागची फट पत्र्याने बंद केली, छतातला तो झरोका बंद करून हवा दूरच्या सच्छिद्र पडद्यातून संथपणे सोडली आणि हुडच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाखे लावले. पाखे फार मोठे नाहीत. तरी बाजूने येणारा झोत अडवण्याचे काम ते चोख करतात. धूरकांडीची परीक्षा पुन्हा घेतली. पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी वेगातही धूर टोकांना सांडला नाही. यासाठी लागला तो पत्रा आणि गॅसची जोडणी बदलण्याची मजुरी.

१० मार्च २०२५

पंख्याच्या मोटारीला वेग बदलणारे यंत्र आज बसले. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते : वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती सिद्धांतानुसार ५१ टक्के उरते, ७० टक्क्यांवर आणला तर ३४ टक्के. यंत्राच्या आणि मोटारीच्या स्वतःच्या हानीमुळे प्रत्यक्षातली बचत याहून थोडी कमी असते. तरीही मधल्या वेळेत पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याचे समर्थन कोणत्याच आकड्याने होत नाही. नलिकेतील तापमान आणि हुडखालचा धूर यांच्या संवेदकांवरून आता वेग ठरेल आणि भरपाईच्या हवेचा पंखा त्याच प्रमाणात मागोमाग बदलेल. दोघांपैकी एकाचाच वेग बदलला असता तर दाराचा जुना प्रश्न परत आला असता.

वेग कमी केल्यास नलिकेत चिकट थर साचेल, अशी शंका तंत्रज्ञांनी काढली. पूर्वी याच समजुतीमुळे अमेरिकेतील एनएफपीए ९६ या अग्निसुरक्षा मानकात नलिकेतील हवेचा किमान वेग मिनिटाला १५०० फूट ठेवला होता. २००२ च्या आवृत्तीत तो ५०० फुटांवर आणला गेला आणि त्यानंतरच वेग बदलणाऱ्या पंख्यांना खऱ्या अर्थाने वाव मिळाला. आमचा किमान वेग त्या मर्यादेच्या वर आहे. तरीही पहिल्या काही महिन्यांत नलिकेची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करायचे ठरवले. आग विझवण्याची यंत्रणा आणि गॅस बंद होण्याची जोडणी यांना या कामात हात लावलेला नाही. ती यंत्रणा कार्यान्वित झाल्यावर पंख्याने कसे वागावे हे पुरवठादाराकडून लेखी घेऊन त्याप्रमाणेच नवे यंत्र जोडले आहे.

पंख्यांचा आवाज कमी झाल्याचे आचाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. ऑर्डर ओरडून सांगावी लागत नाही, हा लाभ माझ्या यादीत नव्हता.

१७ मार्च २०२५

कमाल मागणीचा आलेख पाहिला. वीज कंपन्या १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवरून महिन्याची सर्वोच्च मागणी मोजतात. सकाळी आल्याबरोबर सगळी विद्युत उपकरणे एकदम लावली की तो शिखराचा आकडा संपूर्ण महिन्याला चिकटतो. ओव्हन, धुण्याच्या यंत्राची टाकी आणि गरम कपाटे यांच्या सुरुवातीत अंतर ठेवले. यातून ऊर्जा वाचत नाही, फक्त शिखर खाली येते. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात दाखवू नयेत, म्हणून अहवालात तिला वेगळी जागा दिली.

२४ मार्च २०२५

मधल्या वेळेतील गॅसची रेष आता जेवणाच्या वेळांपासून स्पष्टपणे तुटलेली दिसते आणि पंख्यांची रेषही तिच्या पाठोपाठ उतरते. सुट्टीच्या दिवशी, बदली पाळीवर, ती पुन्हा वर गेलेली दिसली. टिकल्यांचा अर्थ त्या पाळीला कोणी सांगितलेलाच नव्हता. पाळी सुरू करण्याच्या आणि संपवण्याच्या यादीत आता उपकरणांच्या वेळा छापल्या आहेत आणि प्रत्येक पाळीच्या प्रमुखाने त्यावर सही करायची आहे.

जानेवारीतली माहितीपत्रके आज पुन्हा उघडली. चित्र पुष्कळ बदलले आहे. मधल्या वेळेच्या आणि गर्दीच्या नोंदी पाहता दोन जुन्या फ्रायरच्या जागी दोन नवे घेण्याची गरज नाही. एक कार्यक्षम फ्रायर मुख्य आणि जुन्यांपैकी चांगला फक्त गर्दीसाठी, एवढे पुरेल. जुन्या धाटणीच्या गॅस फ्रायरमध्ये साधारण ३५ टक्के उष्णता अन्नाला लागते. एनर्जी स्टार या अमेरिकेतील ऊर्जा-कार्यक्षमता प्रमाणपत्राच्या निकषात बसणाऱ्या गॅस फ्रायरला किमान ५० टक्के गाठावे लागतात. विक्रेत्यांना मात्र एवढाच आकडा विचारून भागणार नाही. एएसटीएम एफ १३६१ या फ्रायरसाठीच्या प्रमाणित चाचणी पद्धतीनुसार रिकाम्या अवस्थेत तापमान टिकवायला ताशी किती ऊर्जा लागते आणि गार तेलापासून तयार व्हायला किती वेळ व किती ऊर्जा लागते, हेही लेखी मागवले आहे. इंडक्शनचा विचार लहान भांड्यांच्या फोडणीच्या ओळीपुरता पुढे न्यायचा असे ठरले. तेथे ज्योत सतत भांड्याबाहेर जाते आणि भांडे उचलले की इंडक्शन आपोआप थांबते. मंजूर विद्युतभारात तेवढी जागा आता शिल्लक आहे.

पायलट ज्योतींच्या जागी विद्युत प्रज्वलन बसवण्याचे काम, फ्रीझरच्या दाराचे उरलेले एक रबर आणि शीतगृहातील पंख्यांना कमी विजेच्या मोटारी, ही कामे एप्रिलच्या यादीत आहेत. विक्रेत्यांची उत्तरे आल्यावर खरेदीची नोंद करीन. मीटर जागेवरच राहतील आणि गॅसची वही १ एप्रिलपासून पाळीच्या प्रमुखांकडे जाईल.